शेंबडी, ओकणारी, डोकं फुटलेली पोरं: गार्बेज पेल किड्स नावाचं वेड नक्की काय होतं

२०२५ मध्ये माझ्या भाचीच्या दप्तराला एक लाबुबू लटकायला लागला, म्हणजे ते मोठ्या डोळ्यांचं, टोकदार दातांचं केसाळ बाहुलं, आणि घरात आजीपासून सगळ्यांचा एकच प्रश्न, एवढं कुरूप ध्यान पोरांना आवडतं तरी कसं आणि आत कुठला निघणार हे माहीत नसताना लोक बंद डब्याला पैसे देतात तरी कसे. भाचीने मला विचारलं, आत्या, तुमच्या वेळी नव्हतं का असं काही? आमच्या वेळी बबलगमचे स्टिकर होते, आताच्या WWE कुस्तीला आम्ही डब्ल्यूडब्ल्यूएफ म्हणायचो त्याची कार्डं होती, पण तिला खरं उत्तर द्यायचं तर आपल्या गल्लीतनं थेट अमेरिकेत जावं लागतं, १९८५ सालात. तिथे तेव्हा पंचवीस सेंटच्या पाकिटात नाक गळणारी, ओकणारी, कचऱ्याच्या डब्यातनं डोकं काढणारी गोंडस पोरं विकली जात होती आणि त्यांनी शाळा, आईबाप, एक मोठी बाहुली कंपनी आणि शेवटी कोर्ट, सगळ्यांना कामाला लावलं. मला ही गोष्ट फार महत्त्वाची वाटते, कारण आज मीमवरनं, लोगोच्या टिंगलीवरनं जे वाद चालतात ना, कोणी कोणाची नक्कल करावी आणि किती, त्याची जवळजवळ सगळी गुंतागुंत या छोट्याशा कार्डात बसलेली आहे.

आधी ट्रेडिंग कार्ड म्हणजे काय ते बघू

पत्त्याएवढा पुठ्ठा, साधारण अडीच इंच बाय साडेतीन, पुढे चित्र, मागे काहीतरी मजकूर. बंद पाकिटात पाच-दहा येतात, आत कुठली आहेत ते फोडल्याशिवाय कळत नाही. डबल आलं की मित्राबरोबर अदलाबदल, म्हणून ट्रेडिंग. आपल्याकडे क्रिकेटर्सची आणि पैलवानांची कार्डं अशीच फिरायची, मधल्या सुट्टीत पायरीवर बसून 'हे घे, ते दे' चालायचं, तेच.

अमेरिकेत यातलं मोठं नाव टॉप्स. १९३८ मध्ये शोरिन घराण्यातल्या चार भावांनी ब्रुकलिनमध्ये काढलेली च्युइंगगमची कंपनी. गम विकायचा म्हणून त्याच्यासोबत चित्र द्यायचं, एवढाच मूळ हिशोब होता. १९५० च्या दशकात त्यांनी बेसबॉल खेळाडूंची कार्डं काढली आणि हळूहळू उलटंच झालं, पोरं कार्डासाठी पाकीट घ्यायची आणि तो गुलाबी, पावडर लागलेला, दात मोडेल इतका कडक गम कुठेतरी टाकून द्यायची. म्हणजे कंपनी नावाला गमची, धंदा चित्रांचा, हे लक्षात ठेवा कारण पुढे सगळं त्याच्यावरच आहे. चित्राच्या धंद्याला सतत नवीन चित्र लागतं, नवीन कल्पना लागते, आणि ती देणारी डोकी लागतात.

विडंबनाची सवय जुनीच होती

विडंबन म्हणजे मूळ गोष्ट ओळखू येईल इतपत तशीच ठेवायची आणि आतला अर्थ उलटा करायचा. आपण सगळ्यांनी शाळेत केलंय हे, पाठ्यपुस्तकातल्या कवितेची चाल तीच ठेवून शब्द बदलायचे, सरांचं नाव घुसवायचं. आता यात एक गोम आहे, ज्याला मूळ कविता माहीत नाही त्याला हसू येत नाही. म्हणजे साम्य कमी पडलं तर विनोदच मेला, आणि साम्य जास्त झालं तर मूळ मालक म्हणणार, अरे ही तर चोरी. ही जी मधली दोरी आहे तिच्यावरनं टॉप्स बरीच वर्षं चालत होती.

१९६७ मध्ये त्यांनी 'वॅकी पॅकेजेस' आणली. किराणा दुकानातल्या ओळखीच्या डब्यांची, पाकिटांची हुबेहूब चित्रं, फक्त नावं बिघडवलेली. क्रेस्ट नावाची टूथपेस्ट प्रसिद्ध होती, तिचं 'क्रस्ट' केलं, म्हणजे खपली. १९७३ मध्ये तीच कल्पना स्टिकर म्हणून आली आणि पोरं अक्षरशः तुटून पडली. कंपनीत वूडी गेलमन नावाचा कल्पक माणूस होता, त्याच्या हाताखाली आर्ट स्पीगलमन नावाचा तरुण चित्रकार लागला होता. हो, तोच स्पीगलमन ज्याला पुढे नाझी छळछावण्यांमधनं वाचलेल्या आपल्या वडिलांची गोष्ट चित्रकथेतनं सांगितल्याबद्दल १९९२ मध्ये पुलित्झरचा खास पुरस्कार मिळाला. टॉप्समधल्या नोकरीवर त्याचं घर चालायचं आणि उरलेल्या वेळात तो ते मोठं काम करायचा. मला हे कळलं तेव्हा मी खरंच थांबले होते वाचता वाचता, कारण आपण सहज म्हणतो ना की असलं घाणेरडं कोण काढतं, काहीतरी हलक्या दर्जाची माणसं असणार. तर नाही.

ज्या बाहुलीची टिंगल झाली ती बाहुली

आता दुसरी बाजू. जॉर्जिया राज्यात क्लीव्हलँड नावाच्या छोट्या गावात झेवियर रॉबर्ट्स नावाचा माणूस १९७० च्या दशकाच्या शेवटी कापडाच्या गुबगुबीत बाहुल्या विकायला लागला. पण विकायला म्हणायचं नाही बरं का, दत्तक द्यायला म्हणायचं. दुकानाचं नाव 'बेबीलँड जनरल हॉस्पिटल', कामाला असलेल्या बायका नर्सच्या वेषात, प्रत्येक बाहुलीला स्वतःचं नाव, जन्मदाखला, दत्तकपत्र, आणि घेणाऱ्याने हात वर करून शपथ घ्यायची की मी हिला नीट सांभाळीन. नंतर कोलेको कंपनीने हीच बाहुली प्लॅस्टिकच्या डोक्याची करून कारखान्यात काढली, नाव ठेवलं कॅबेज पॅच किड्स, म्हणजे कोबीच्या मळ्यातली पोरं.

१९८३ च्या नाताळाआधी या बाहुलीसाठी अमेरिकेत दंगलीसारखी परिस्थिती झाली. पेनसिल्व्हेनियातल्या विल्क्स-बॅरी गावच्या एका दुकानात गर्दी इतकी अंगावर आली की एका बाईचा पाय मोडला आणि दुकानाचा मॅनेजर स्वतःच्या बचावासाठी बेसबॉलची बॅट घेऊन काउंटरवर उभा राहिला. डोळ्यासमोर आणून बघा, प्रेमाने दत्तक घ्यायची बाहुली आणि तिच्यासाठी मोठी माणसं एकमेकांना ढकलतायत, पोरं बाजूला उभी राहून बघतायत. आणि गंमत अशी की टॉप्सचा कारखाना होता ड्युरियामध्ये, विल्क्स-बॅरीपासनं काही मैलांवर, त्याच जिल्ह्यात. मला नेहमी वाटतं की त्या बाहुलीचं जे गोड गोड वातावरण तयार केलं होतं ते फोडायला कोणीतरी येणारच होतं, कारण गोडाची अती झाली की तोंडाला मिठ्ठी बसते.

एका स्टिकरची अख्खी मालिका कशी झाली

टॉप्सने आधी सरळ मार्गाने कॅबेज पॅचची कार्डं काढायचा परवाना मिळतोय का ते बघितलं होतं, ते काही जमलं नाही. मग १९८५ च्या सुमाराला वॅकी पॅकेजेसची नवीन मालिका चालली होती त्यात या बाहुलीची टिंगल करणारं एक चित्र करायचं ठरलं, 'गार्बेज पेल किड्स', कचऱ्याच्या बादलीतली पोरं. चित्र बघितल्यावर कंपनीतल्या लोकांना वाटलं की हे एका स्टिकरवर कशाला वाया घालवायचं, याची वेगळी मालिकाच काढू. स्पीगलमन आणि मार्क न्यूगार्डन कल्पना आणि संपादनाला, वरती लेन ब्राउन, आणि चित्रं काढायला कॅलिफोर्नियातला जॉन पाउंड. पहिल्या मालिकेची सगळी चित्रं या एकट्या माणसाच्या हातची आहेत.

जून १९८५ मध्ये पहिली मालिका आली. पाच स्टिकर, एक गमची पट्टी, किंमत पंचवीस सेंट.

त्यातलं सगळ्यात गाजलेलं कार्ड आठ नंबरचं, 'अॅडम बॉम्ब'. अॅटम बॉम्ब आणि अॅडम हे नाव यांची ती कोटी. एक गुबगुबीत गालाचा पोरगा, ओठावर समाधानाचं हसू, बोट बटणावर दाबलेलं आणि डोक्याची टाळू उघडून वर अणुस्फोटाचा छत्रीसारखा ढग उसळलाय. रंग इतके मऊ, गालावरचा उजेड इतका नीट काढलेला की क्षणभर वाटतं बाळाच्या पावडरच्या डब्यावरचं चित्र आहे. आणि मग डोळा वर जातो. १९८५ म्हणजे शीतयुद्धाचा काळ, अमेरिका आणि सोव्हिएत रशिया एकमेकांवर क्षेपणास्त्रं रोखून बसलेले, घरातल्या टीव्हीवर तीच चर्चा, आणि पोरांना सांगितलं काय जायचं तर घाबरू नका. हे एक चित्र त्या पोरांशी खरं बोलत होतं असं माझं मत आहे. सगळीच कार्डं अशी खोल होती असं मी म्हणणार नाही, बरीचशी निव्वळ ओकारी आणि शेंबूड होती, पण काढलेली जीव ओतून होती, घाईगडबडीत गिरगटलेली नव्हती, आणि त्याच्यामुळेच ती चालली. वाईट चित्रातली घाण नुसती घाण वाटते, सुंदर चित्रातली घाण माणूस दोनदा बघतो.

दोन नावांचं गणित

इथे धंद्याची खरी हुशारी आहे. पहिल्या मालिकेत चित्रं होती ४१, पण प्रत्येक चित्र दोन नावांनी छापलं. एक नंबरला 'नॅस्टी निक' आणि तेच चित्र 'एव्हिल एडी'. आठ नंबरला 'अॅडम बॉम्ब' आणि तेच 'ब्लास्टेड बिली'. म्हणजे कार्डं झाली ८२. आपल्याकडे समजा 'शेंबडा शिरीष' आणि तेच चित्र 'गळका गणेश', असं.

याने दोन गोष्टी झाल्या. पहिली म्हणजे वर्गातल्या जवळजवळ प्रत्येकाचं नाव कुठल्या ना कुठल्या कार्डावर सापडायला लागलं. स्वतःचं नाव शोधायचं, मित्राचं शोधून त्याच्या बाकावर चिकटवायचं, बहिणीचं तर पहिलं शोधायचं.

दुसरी गोष्ट पैशाची आणि ती जरा सावकाश बघू. समजा सगळी कार्डं सारख्याच प्रमाणात छापलीत आणि तुम्ही कोणाशी अदलाबदल करत नाही. सुरुवातीला प्रत्येक कार्ड नवीनच निघतं, पण जसा संच भरत येतो तसं डबल यायला लागतं आणि शेवटचं एक कार्ड तर जीव खातं, कारण ८२ मधलं नेमकं तेच हवं असतं. हा हिशोब मांडला तर ४१ चा संच पूर्ण करायला सरासरी १७६ च्या आसपास कार्डं विकत घ्यावी लागतात, म्हणजे साधारण ३५ पाकिटं. ८२ चा संच करायचा तर लागतात सुमारे ४०९ कार्डं, म्हणजे ८२ पाकिटं. चित्रकाराचं काम तेवढंच राहिलं, ४१ चित्रं, पण पोराचा खर्च दुप्पट नाही, दुपटीहून जास्त झाला. पाकीट २५ सेंटचं धरलं तर नऊ डॉलरच्या जागी वीस डॉलर. अर्थात पोरं अदलाबदल करायचीच, म्हणून प्रत्यक्षात कमी लागायचे, पण भाचीला मी हेच समजावलं की बंद डब्याचा खेळ कुठलाही असो, शेवटचं एक मिळवायला जे पैसे जातात त्याच्यावर कंपनी जगते.

आणि ही कार्डं स्टिकर होती, सोलून चिकटवायची. पोरांनी ती वहीवर, सायकलवर, पलंगाच्या दांडीवर चिकटवली. माझ्या आईने आमच्या लोखंडी कपाटावरचे बबलगमचे स्टिकर रॉकेलचं फडकं घेऊन दुपारभर घासून काढले होते, त्याचा वास अजून नाकात आहे, अमेरिकेतल्या आयांनी काय घासलं असेल देव जाणे. पण म्हणूनच न सोललेलं, कोपरे न दुमडलेलं, पहिल्या मालिकेतलं कार्ड आज दुर्मिळ आहे आणि संग्राहक त्याला भरपूर पैसे मोजतात. पहिली मालिका तशी सगळीकडे पोचलीही नव्हती, वेड पसरलं ते दुसऱ्या-तिसऱ्या मालिकेपासनं.

पण पोरांना घाण आवडतेच कशाला?

तान्ह्या बाळाला किळस माहीत नसते, ते माती, किडा, काय सापडेल ते तोंडात घालतं. किळस आपण शिकवतो, शी, घाण, टाक ते, हात धू. पॉल रोझिन नावाच्या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने किळसेवर आयुष्यभर काम केलं, त्याचंही म्हणणं हेच की ही भावना मोठं होताना, संस्कारातनं घडते. आता सहा ते दहा वर्षांचं पोर बघा. त्याने हे नियम नुकतेच शिकलेले असतात आणि नवीन शिकलेली गोष्ट माणूस सारखी तपासून बघतो. शी-शू-पादचे विनोद नेमके याच वयात सगळ्यात जास्त चालतात, मराठी शाळेत काय आणि ब्रुकलिनमध्ये काय. कार्डावरच्या शेंबडाला वास नाही, तो हाताला लागत नाही, म्हणजे किळस वाटते पण धोका नाही, आकाशपाळण्यात पोटात गोळा येतो तसं.

त्यात भर म्हणजे मोठ्यांना ते आवडत नाही. ही अर्धी किंमत तिथेच वसूल.

मग हे वाईटच होतं की, शाळांनी बंदी घातली ते बरोबर नव्हतं?

अमेरिकेत बऱ्याच शाळांनी बंदी घातली. कारण साधं होतं, पोरं वर्गात कार्डंच बदलत बसायची, अभ्यास राहायचा बाजूला. शिवाय नावांमुळे चिडवाचिडवी. हे दुसरं कारण मला पटतं. लठ्ठ मुलाच्या बाकावर लठ्ठ चित्र चिकटवलेलं असेल आणि खाली त्याचंच नाव असेल तर त्याला विडंबन वगैरे काही कळत नाही, रडू येतं. ही कार्डं सगळ्यांना सारखीच हसवत होती असं म्हणणारे बहुतेक चिडवणाऱ्यांच्या बाजूला बसलेले असावेत.

पण घाबरणंही अतीच झालं. १९८७ मध्ये सीबीएस वाहिनीने कार्टून मालिका तयार करून घेतली आणि पालकांच्या संघटनांचा विरोध इतका झाला की अमेरिकेत ती तेव्हा दाखवलीच नाही. त्याच वर्षी एक सिनेमा आला, तो मात्र विरोधाने नाही, स्वतःच्या गुणांनी पडला, कारण जी गोष्ट रंगवलेल्या चित्रात मजेशीर होती तीच रबरी मुखवटे घातलेल्या माणसांमध्ये बघवेना. आणि मेक्सिको तर सगळ्यांच्या पुढे गेला. तिथल्या आयात-निर्यात करांच्या कायद्यात मनाई असलेल्या मालाच्या यादीत ही कार्डं आली, मुलांना हिणकस किंवा हास्यास्पद रीतीने दाखवणारी, हिंसेला चिथावणारी पाकिटातली चित्रं असं लांबलचक वर्णन आणि त्यापुढे चक्क 'गार्बेज पेल किड्स' हे नाव. देशाच्या कर कायद्यात शेंबड्या पोरांच्या स्टिकरचा स्वतंत्र उल्लेख, हे मी दोनदा तपासून वाचलं होतं.

आणि तरी ती जगभर गेली. जपानमध्ये, जर्मनीत, इटलीत 'स्गोर्बियन्स', फ्रान्समध्ये 'ले क्रादो', स्पेनमध्ये 'ला पांदिया बासुरा', इस्राएलमध्ये वेगळ्या हिब्रू नावाने. प्रत्येक ठिकाणी तिथल्या पोरांची नावं घालून, कारण दोन नावांची युक्ती स्थानिक नावाशिवाय चालतच नाही.

विडंबन होतं तर कोर्टात अडकले कसे?

१९८६ मध्ये बाहुलीच्या हक्कांची मालक कंपनी, ओरिजिनल अॅपलाचियन आर्टवर्क्स, टॉप्सच्या विरुद्ध कोर्टात गेली. आता इथे एकच कायदेशीर शब्द समजून घ्या, 'फेअर यूज', म्हणजे वाजवी वापर. अमेरिकेच्या कायद्यात असं आहे की दुसऱ्याची कलाकृती परवानगीशिवाय वापरणं साधारणपणे चूक, पण टीका, शिकवणं, बातमी, अशा काही कारणांसाठी वाजवी इतकी वापरली तर चालते. वाजवी आहे का ते ठरवायला कोर्ट चार गोष्टी बघतं, वापर कशासाठी केला, मूळ कृती कशा प्रकारची आहे, तिच्यातलं किती घेतलं, आणि मूळ मालकाच्या बाजारावर काय परिणाम झाला. शेजाऱ्याच्या झाडाचा कढीपत्ता फोडणीपुरता तोडला तर कोणी काही म्हणत नाही, पण टोपली भरून मंडईत विकायला बसलात तर शेजारी दारात येणारच, तसं आहे हे.

टॉप्स म्हणाली, हे विडंबन आहे, त्या गोड बाहुलीवरची टीका आहे. जॉर्जियातल्या फेडरल कोर्टाने ऑगस्ट १९८६ मध्ये तात्पुरता मनाई हुकूम दिला तो बाहुलीच्या बाजूने. कोर्टाचं म्हणणं थोडक्यात असं की इथे मुख्य हेतू भाष्य करण्याचा नसून पैसे कमावण्याचा दिसतो, आणि कार्डांच्या पलीकडे टी-शर्ट, वह्या वगैरे मालही निघायला लागला होता, म्हणजे बाहुलीवाले ज्या बाजारात माल विकत होते त्याच बाजारात ही चेष्टाही दुकान मांडून बसली. शिवाय ट्रेडमार्कचा मुद्दा होता, म्हणजे गिऱ्हाइकाचा गोंधळ होईल का, तोही टॉप्सच्या विरुद्ध गेला. १९८७ च्या सुरुवातीला दोघांनी तडजोड केली. टॉप्सने पोरांचा चेहरामोहरा बदलायचं कबूल केलं, बाहुलीसारखं दिसणं कमी करायचं, नावाची पाटीही बदलायची.

आणि तिथनं उतरण लागली. साम्य काढलं तर चेष्टा कोणाची चाललीय तेच कळेना, राहिली ती नुसती घाण. १९८८ मध्ये पंधरावी मालिका आली, सोळावी बाजारात आलीच नाही. त्याच वर्षी कोलेकोचंही दिवाळं निघालं. म्हणजे ज्या बाहुलीच्या अंगावर ही चेष्टा वाढली होती ती कंपनी आणि ती चेष्टा, दोघी एकाच वर्षी बसल्या. कार्डं पुन्हा आली ती २००३ मध्ये, आणि आता ती घेतात बहुतेक तीच पोरं जी आता पन्नाशीला टेकलीत.

म्हणजे पैसे घेऊन चेष्टा करायचीच नाही का?

असं असतं तर विनोदी लेखक उपाशी मेले असते. १९९४ मध्ये अमेरिकेच्या सुप्रीम कोर्टाने दुसऱ्या एका खटल्यात, एका रॅप ग्रुपने जुन्या गाण्याचं विडंबन केलं होतं त्यात, एकमताने सांगितलं की पैशासाठी केलं एवढ्यावरनं विडंबन बेकायदेशीर ठरत नाही. मूळ ओळखू यावं इतपत घेणं विडंबनाला भागच आहे, बघायचं हे की त्यात नवीन काय घातलं आणि टीका खरोखर मूळ कृतीवर आहे का. हा निकाल आठ वर्षं आधी आला असता तर? मला वाटतं कार्डांना बळ नक्की मिळालं असतं, पण त्या टी-शर्टांनी आणि वह्यांनी तरी अडचण केलीच असती. गोड बाहुलीवर टीका करताना तिच्याच शेल्फवर आपला माल लावायचा, इथे टॉप्सचं चुकलं असं माझं प्रामाणिक मत आहे.

आपल्याकडे काय? भारताच्या १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात टीका आणि समीक्षेसाठी वाजवी वापराची सोय आहे, विडंबन हा शब्द मात्र त्यात नाही, त्यामुळे प्रत्येक वेळी कोर्टाला अर्थ लावावा लागतो. २०११ मध्ये दिल्ली हायकोर्टासमोर असंच एक प्रकरण होतं. ओडिशातल्या धामरा बंदरामुळे समुद्री कासवांना धोका आहे असं सांगायला ग्रीनपीसने एक ऑनलाइन गेम काढला, पॅकमॅनसारखा, त्यात कासवाच्या मागे टाटांची चिन्हं लागायची. टाटा कोर्टात गेले, आपला ट्रेडमार्क वापरला आणि बदनामी केली म्हणून. कोर्टाने गेम तात्पुरता थांबवायलाही नकार दिला, कारण तिथे चिन्ह माल विकायला वापरलेलं नव्हतं, टीका करायला वापरलं होतं. हे गार्बेज पेलच्या खटल्याशेजारी ठेवून बघा म्हणजे फरक लख्ख दिसतो.

आणि ज्यांनी काढलं त्यांचं काय झालं?

मला या सगळ्यात सगळ्यात जास्त लागतं ते हे. कार्डावर चित्रकाराचं नाव नसायचं. पाउंड, टॉम बंक, जेम्स वॉरहोला जो प्रसिद्ध अमेरिकन चित्रकार अँडी वॉरहॉलचा पुतण्या, जे लिंच, कोणाचंच नाही. काम ठरावीक मोबदल्यावर घेतलेलं, चित्रं आणि हक्क दोन्ही कंपनीचे, विक्री कितीही झाली तरी चित्रकाराला वाटा नाही. १९८९ मध्ये टॉप्सने आपल्याकडची जुनी मूळ चित्रं लिलावात काढली, आणि ज्यांच्या हातची ती होती त्यांना त्यातलंही काही नाही. वीसेक वर्षं तिथे काम केलेल्या स्पीगलमनने याच मुद्द्यावरनं कंपनीशी संबंध तोडले.

दुसरीकडे कॅबेज पॅचच्या प्रत्येक बाहुलीच्या ढुंगणावर झेवियर रॉबर्ट्सची सही असते. खरी बाहुली ओळखायची खूणच ती, पोरं बाहुली उलटी करून बघायची. पण त्या बाहुलीची कल्पना सुरू होते केंटकीतल्या मार्था नेल्सन थॉमस नावाच्या बाईपासून. ती हाताने कापडाच्या मऊ चेहऱ्याच्या बाहुल्या शिवायची, तीही दत्तक म्हणूनच द्यायची, सोबत बाळाच्या आवडीनिवडीची चिठ्ठी. १९७६ च्या सुमाराला एका हस्तकला जत्रेत रॉबर्ट्सने तिच्या बाहुल्या बघितल्या, काही दिवस आपल्या दुकानात विकल्या, पुढे दोघांचं बिनसलं आणि त्याने स्वतःच्या करायला सुरुवात केली. तिने दावा लावला, वर्षानुवर्षं भांडली, शेवटी १९८० च्या दशकाच्या मध्यावर कोर्टाबाहेर तडजोड झाली, जवळपास त्याच दिवसांत जेव्हा इकडे पहिली कार्डं छापली जात होती. म्हणजे आमची नक्कल केली म्हणून टॉप्सला ज्यांनी कोर्टात खेचलं, ते स्वतः त्याच आरोपातनं नुकते बाहेर आले होते.

भाचीने हे ऐकलं आणि लाबुबू उलटा करून बघितला, कोणाचं नाव आहे का ते. मग म्हणाली, आत्या, हा कोणी काढला? मी म्हटलं कासिंग लुंग, हाँगकाँगचा चित्रकार, त्याच्या चित्रांच्या पुस्तकांमधलं पात्र आहे हे. तिने वहीच्या मागच्या पानावर ते नाव लिहून घेतलं, आणि त्याच्याखाली मला विचारून विचारून जॉन पाउंड आणि मार्था नेल्सन थॉमसही लिहिलं.